१९६४-डी पीस डॉलर घ्यायचाय? आधी हे वाच

घे, हरकत नाही. पण काय घेतोयस ते ओळखून घे. पीस डॉलर म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं एक डॉलरचं नाणं; ‘डी’ म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ. डेन्व्हरच्या टांकसाळीने मे १९६५ मध्ये १९६४ साल घातलेले असे ३,१६,०७६ डॉलर पाडले आणि सरकारी नोंदीनुसार सगळे वितळवले. विकायला दिसतात ते बहुधा कोलोरॅडोच्या डॅनियल कार या खासगी नाणी पाडणाऱ्या कारागिराचे. त्यांनी जुन्या अस्सल पीस डॉलरवरच नवा ठसा मारलाय. चांदी तीच, ९० टक्के. तारीख मात्र मनाने घातलेली.

वाद इथेच पेटतो. अमेरिकेचा १९७३ चा हॉबी प्रोटेक्शन कायदा नकली नाण्यावर ‘कॉपी’ असा शब्द मागतो. समर्थक म्हणतात, मूळ नाणंच उरलेलं नाही, मग नक्कल कशाची? मला हे ओढूनताणून वाटतं. मूळ नाणी पाडली होती ना! तरी कार स्वतः काही लपवत नाहीत. आपल्याकडच्या रामदरबारवाल्या ‘१८१८’ च्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने खपवल्या जाणाऱ्या बनावट नाण्यांत तेवढाही प्रामाणिकपणा नसतो.

खरा धोका ही नाणी पुढे विकणाऱ्या तिसऱ्या हातात. ‘वितळवताना वाचलेला’ असं विक्रेता म्हणाला, की सरळ उठ. चांदीच्या भावावरचे पैसे हौसेचे समज. काहींना पुढे चांगला भाव येतो, पण त्या भरवशावर घेऊ नकोस. बिल जप, आणि अल्बममध्ये तो अस्सल डॉलरांच्या रांगेत लावू नकोस.