जादूच्या कथेत खऱ्या संशोधकाची एखादी वस्तू वापरायची आहे. कुणाची आणि कोणती घ्यावी?

एडिसनची परीक्षानळी घ्या. निकोला टेस्ला या संशोधकाच्या ‘मृत्यूकिरणां’वर (दुरून मारणारं त्याचं कथित शस्त्र) इतकं लिहून झालंय की वाचक पहिल्याच पानावर जांभई देईल.

ही नळी खरी आहे. अमेरिकेत डिअरबॉर्नला, हेन्री फोर्ड म्युझियममध्ये ठेवलेली. १८ ऑक्टोबर १९३१ ला एडिसन न्यू जर्सीतल्या आपल्या घरी वारला. तिथे पलंगाजवळ स्टँडमध्ये आठ रिकाम्या परीक्षानळ्या होत्या. मुलगा चार्ल्सने डॉक्टरांना सांगून त्या लगेच पॅराफिन मेणाने बंद करून घेतल्या आणि एक पुढे हेन्री फोर्डला दिली. फोर्ड पूर्वी डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीत इंजिनिअर होता, एडिसनचा निस्सीम भक्त, वर पुनर्जन्म मानणारा! नळीत एडिसनचा शेवटचा श्वास आहे असं लोक म्हणतात. चार्ल्सने हा सगळा प्रकार नंतर एका पत्रात लिहिला, त्यात नळी तोंडाशी धरल्याचं कुठे नाही. म्हणजे आत असलीच तर त्या खोलीतली हवा. कथेला तर हेच बरं.

आता जादू. एडिसनला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. फोनोग्राफ, म्हणजे आवाज मुद्रित करून पुन्हा ऐकवणारं यंत्र, नीट ऐकायला तो त्याच्या लाकडात दात रोवायचा, म्हणजे आवाज हाडातून आत पोचायचा. तुमच्या नायिकेलाही नळी कानाला लावून काही ऐकू येऊ नये. चिडून ती नळी दातांत धरते, आणि मग ज्या खोलीत ती उभी आहे त्या खोलीत पूर्वी बोललं गेलेलं सगळं ऐकू यायला लागतं. भांडणं, अंगाई, कुणाचा तरी खोकला. किंमत म्हणून दर वेळी तिचं स्वतःचं ऐकणं थोडं थोडं कमी होत जावं. आधी घड्याळाची टिकटिक जाईल, मग दाराची बेल, मग आईची हाक. मेण मात्र फुटू देऊ नका. फुटलं की नुसती काचेची नळी उरली.

म्युझियममधली नळी चोरायची भानगड नको. फोर्डला एक गेली, सात उरल्या. त्यातली एक जुन्या बाजारात निघाली म्हणा.

१९२० मध्ये एडिसनने मुलाखतीत सांगितलं होतं की मेलेल्यांशी संपर्क करता येईल असं यंत्र तो बनवतोय. असं यंत्र पुढे कधी सापडलं नाही. तेही कथेत घुसवावंसं वाटेल, पण घालू नका. ते आलं की नळी बाजूला पडेल आणि वाचक यंत्राचीच वाट बघत बसेल.