माणूस ‘हँग्ड’, फोटो ‘हंग’

माझी भाची एका वकिलांकडे अनुवादाचं काम करते. परवा तिने इंग्रजी मजकुरात ‘ही वॉज हंग’ असं लिहिलं, तर वकीलसाहेबांनी ‘हंग’भोवती लाल गोल काढून ‘हँग्ड’ केलं. तिचा लगेच फोन : ‘‘मामा, शाळेत तर हँग-हंग-हंग असंच घोकलं होतं. मग चुकलं कुठे?’’

घोकलेलं बरोबर आहे, पण अर्धंच. भिंतीवर फोटो टांगला, खुंटीला शर्ट अडकवला, तर हंग. गळ्याला दोर लावून माणसाचा जीव घेतला, तर हँग्ड. गळफास स्वतःच घेतला असला तरी हँग्डच. इथे ‘माणूस की वस्तू’ एवढंच बघून चालत नाही हं. लोकलच्या दारात डोंबिवलीपासून लटकत आलेला माणूसही हंगच! जीव घेण्यासाठी टांगलं का, ते बघायचं.

ही दोन रूपं झाली कशी? जुन्या इंग्रजीत क्रियापदंच दोन होती, एक स्वतः लोंबकळण्याचं आणि दुसरं कुणाला तरी टांगण्याचं. त्यात नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, लोकांकडून आलेल्या तिसऱ्याची भर पडली आणि सगळ्यांची खिचडी झाली. एके काळी हँग्ड कशालाही चालायचं. १६११च्या इंग्रजी बायबलात बाबिलोनमधले बंदिवान आपली तंतुवाद्यं झाडांना टांगून ठेवतात, तिथेही ‘हँग्ड’च आहे. पुढे ‘सिंग-संग’, ‘रिंग-रंग’च्या वळणाचं हंग सगळीकडे पसरलं. कोर्टात मात्र त्याची डाळ शिजली नाही, कारण शिक्षा सुनावण्याचं वाक्य ठरलेलं असतं आणि ते कुणी बदलत नाही. आपल्याकडेही १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४मध्ये ‘हँग्ड बाय द नेक टिल ही इज डेड’ असंच होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेनेही ते शब्द तसेच ठेवले. चांगले इंग्रजी लेखकही फाशीला कधी कधी हंग लिहून जातात, त्यामुळे मी त्याला अडाणीपणा म्हणणार नाही. पण वकिलाच्या कागदावर ते खटकणारच.

आता भाचीला उलटा सल्ला. हँग्डचं मराठी करताना जास्त जपायला हवं. ‘त्याला फाशी झाली’ म्हणजे नक्की काय झालं? ‘जन्मठेप झाली’ म्हणतो तसं बहुतेक वेळा आपण शिक्षा सुनावली एवढंच सांगत असतो. हँग्ड म्हणजे मात्र माणूस संपला. कसाबला शिक्षा सुनावली ६ मे २०१० रोजी आणि येरवड्यात ती अमलात आली २१ नोव्हेंबर २०१२ रोजी. ‘कसाबला फाशी’ हा मथळा दोन्ही दिवशी चालला असता! म्हणून पहिल्यासाठी ‘फाशीची शिक्षा सुनावली’ आणि दुसऱ्यासाठी ‘फाशी दिली’ किंवा ‘फासावर लटकवलं’ असं स्पष्ट लिहावं. आत्महत्येला बोलण्यात ‘फाशी घेतली’ म्हणतात, पण लिहिताना ‘गळफास घेतला’ बरं.

आणखी एक गंमत इंग्रजीला साधत नाही. गुन्हेगाराला आपण फासावर ‘लटकवतो’, पण दामोदर चापेकर किंवा राजगुरू फासावर ‘गेले’. दोर तोच, पण क्रियापद बदललं की माणसाकडे बघणं बदलतं. हँग्डला हा भेद ठाऊक नाही, तिथे अनुवादकाने संदर्भ बघूनच ठरवायचं.

भाचीने शेवटी विचारलं, ‘‘मग हंग पार्लमेंट?’’ तिथे आपल्याकडे त्रिशंकू आधीपासून लटकलेला आहेच. आणि फोन हँग झाला, तर तो मराठीतही हँगच होतो.