इंग्रजीच्या निबंधात मन वळवणाऱ्या भाषेचे विश्लेषण कसे करावे?

आपल्या मुलीने गांधीजींच्या ‘भारत छोडो’ भाषणावरील निबंधात केवळ अलंकारांची नावे मोजली आहेत, असे आपण लिहिले आहे. ही मोजदाद बाजूला ठेवावी. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर उच्चारलेले ‘डू ऑर डाय’ एवढेच शब्द तिने घ्यावेत: तिन्ही आखूड, चटकन तोंडी बसणारे, आणि मधला ‘ऑर’ तर तडजोडीची वाटच बंद करतो. गांधीजी त्यांना ‘मंत्र’ म्हणतात, त्यामुळे राजकीय आवाहनाला व्रताचे वजन येते. प्रत्येक परिच्छेदात वक्त्याचा हेतू, नेमके शब्द आणि श्रोत्यांवरील परिणाम यावेत. सर्वाधिक ओळी परिणामाला द्याव्यात, कारण परीक्षकाला विद्यार्थ्याचा विचार तिथेच दिसतो. भाषणाचा सारांश मात्र अजिबात नको.