जर्सी म्हणजे नुसतं कापड नाही: कार्डिफमध्ये तीन वर्षं बघितलेलं सांगतो

भावा, तू विचारलंयस की दरवर्षी फुटबॉल क्लबची नवीन जर्सी आली की फॅन आधी शिव्या घालतात, बायकॉट म्हणतात, आणि सीझन सुरू झाला की तेच लोक तीच जर्सी घालून फोटो टाकतात, मग त्या रागाला काय किंमत, क्लबला त्यानं काही फरक पडतो का, शेवटी कापडच ना. हे "कापडच ना" मला पटत नाही म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी २०११ ते २०१४ कामासाठी वेल्समध्ये कार्डिफला राहिलोय, आणि एका जर्सीवरून अख्खं शहर कसं आतून फाटतं ते जवळून बघितलंय.

आधी हे समजून घे की सगळा राग एक नसतो. एक राग असतो डिझाइनवरचा, म्हणजे कॉलर नको होती, रंगाची छटा फिकी आहे, दुसऱ्या क्लबच्या जर्सीवर नुसता लोगो बदलून दिलाय वगैरे. हा राग उतरतो, आणि बऱ्याचदा उलटा होतो. लंडनच्या आर्सेनलची १९९१ ते ९३ ची पिवळी अवे जर्सी (अवे म्हणजे बाहेरच्या ग्राउंडवर घालायची, घरच्या ग्राउंडवरची ती होम), ती काळ्या नागमोडी रेघांची, लोक तिला मार लागलेलं केळं म्हणायचे, आज तीच जुनी ओरिजिनल मिळवायला फॅन जीव टाकतात आणि २०१९ मध्ये आदिदासनं तिच्यावरूनच नवीन अवे किट काढलं. बार्सिलोनानं २०१५ मध्ये पहिल्यांदाच उभ्या पट्ट्यांऐवजी आडवे पट्टे घेतले तेव्हा केवढा आरडाओरडा, पण त्याच जर्सीत त्यांनी लीग मारली, मग सगळं शांत. हरलं तर मात्र उलटं होतं. मँचेस्टर युनायटेडची ग्रे अवे जर्सी तुला माहीत असेल, १३ एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनमध्ये हाफ टाइमला ०-३ मागं, मॅनेजर फर्ग्युसननं सगळ्यांना जर्सी बदलायला लावली, कारण काय तर पब्लिकच्या गर्दीत खेळाडूंना एकमेकं दिसत नाहीत, मॅच १-३ नं गेली आणि ती जर्सी कायमची बंद. त्या ग्रेमध्ये युनायटेड एकही मॅच जिंकली नव्हती. आता ज्या आईबापांनी त्या सीझनला पोरांना ती घेऊन दिली असेल त्यांचा विचार कर.

दुसरा राग वेगळा, तो ओळखीवरचा असतो आणि तो उतरत नाही.

कार्डिफ सिटी हा तिथला क्लब १९०८ पासून निळ्या रंगात खेळतो. टोपणनावच ब्लूबर्ड्स, म्हणजे निळे पक्षी. १९२७ ला त्यांनी वेम्ब्लीवर आर्सेनलला १-० हरवून इंग्लंडचा एफए कप वेल्सला आणला, इंग्लंडच्या बाहेर तो कप गेला तो तेवढा एकदाच, आजपर्यंत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात त्या टीमचा फोटो आपल्याकडं शाहू महाराजांचा असतो तसा लावलेला असतो, ही मी बघितलेली गोष्ट आहे. मालक होते मलेशियाचे उद्योगपती व्हिन्सेंट टॅन, २०१० मध्ये आले. क्लब कर्जात होता, पैसा त्यांनीच ओतला, हे पण खरं आहे आणि हे विसरून चालणार नाही.

मे २०१२ मध्ये बातमी फुटली की होम जर्सी लाल होणार. कारण असं की आशियात लाल रंग शुभ, ड्रॅगन तिकडं चालतो, मार्केट मोठं होईल. शहरात एवढा भडका उडाला की काही दिवसांतच क्लबनं पत्र काढून सांगितलं, प्लॅन रद्द. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि जूनच्या सुरुवातीला पुन्हा घोषणा, लालच होणार, सोबत गुंतवणुकीचं आश्वासन. बॅजवर ड्रॅगन मोठा आणि निळा पक्षी खाली बारकासा. निळा रंग अवे जर्सीला गेला. म्हणजे स्वतःच्या घरात तू पाहुणा आणि बाहेर गेल्यावर तू तू.

माझे शेजारी तेव्हा सत्तरीच्या आसपासचे, निनियन पार्कच्या जुन्या ग्राउंडवर वडिलांच्या खांद्यावर बसून मॅच बघितलेले. आम्ही फेन्सवरून बोलायचो. मला वाटलं होतं ते चिडतील, ते चिडले नाहीत, ते गप्प झाले. मला त्यांच्या त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली. त्यांचा नातू मात्र खूश होता, म्हणायचा प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, जाणार असू तर गुलाबी घालायला पण तयार आहे. एका घरात दोन पक्ष. अशी घरं मी निदान पाच-सहा बघितली, ऑफिसात पण तेच, दोन दोस्त जे वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसायचे त्यातल्या एकानं सीझन तिकीट सोडलं.

आणि गंमत अशी की टीम जिंकत होती. १७ ऑगस्ट २०१२ ला लाल जर्सीतली पहिली घरची लीग मॅच, हडर्सफील्ड विरुद्ध, शेवटच्या मिनिटाच्या पण नंतर मार्क हडसनचा गोल आणि १-०. मी स्टँडात होतो. गोल झाला तेव्हा सगळे उठले, ओरडले, आणि ओरडून झाल्यावर माझ्या आसपासच्या लोकांनी गळ्यातले जुने निळे स्कार्फ वर धरले. मला अंगावर काटा आला. टीमवर प्रेम पूर्ण, जर्सीला नकार पूर्ण, दोन्ही एकाच वेळी. एप्रिल २०१३ ला चार्ल्टनशी ०-० झाली आणि क्लब पहिल्यांदाच प्रीमियर लीगमध्ये गेला, पब्लिक ग्राउंडवर उतरलं, माणसं रडत होती, आणि त्या गर्दीत पण निळे शर्ट होतेच. नोव्हेंबरमध्ये वेल्समधल्याच कट्टर वैरी स्वान्सीला १-० मारलं, स्टीव्हन कॉलकरचं हेडर, लाल जर्सीतच. म्हणजे जिंकलं की लोक विसरतात हा तुझा मुद्दा पहिल्या प्रकारच्या रागाला लागू आहे, ह्याला नाही. जिंकूनसुद्धा ते विसरले नाहीत.

आता क्लबला फरक पडतो का, ते बघ. लाल घेतली नाही अशी माणसं काय करायची, तर एक तर जुनी जर्सी घालायची, नाहीतर निळी अवे विकत घ्यायची. मी स्वतः तेच केलं, छातीवर मलेशिया लिहिलेली निळी अवे, अजून आहे माझ्याकडं. पैसे क्लबलाच गेले, पण रंग मी निवडला. टीव्हीवर कॅमेरा स्टँडावर फिरला की मालकाला, स्पॉन्सरला, सगळ्या जगाला दिसतं की खेळाडू लाल आणि लोक निळे. फॅनच्या हातात असलेलं हे सगळ्यात मोठं हत्यार आहे, ट्विटरवरच्या शिव्यांपेक्षा हजारपट मोठं, कारण ते अख्खा सीझन टिकतं.

२०१४ ला टीम प्रीमियर लीगमधून खालच्या लीगमध्ये आली, मी पण परत आलो, पुढचं इथून फॉलो केलं. सीझन तिकिटं घसरली, स्टँड रिकामे दिसायला लागले, मॅचआधी निळ्यासाठी मोर्चे. आणि ९ जानेवारी २०१५ ला घोषणा, निळा परत. टॅननी निवेदनात सांगितलं की त्यांच्या आईनं, ज्या बौद्ध धर्म मनापासून पाळतात, एकोप्याबद्दल त्यांना समजावलं. दुसऱ्याच दिवशी फुलहॅम विरुद्ध टीम निळ्यात उतरली आणि १-० जिंकली. पुढं नवीन बॅज आला, पक्षी पुन्हा मोठा. मी शेजाऱ्यांना फोन केला होता त्या संध्याकाळी, ते आठ महिन्यांनी पहिल्यांदा ग्राउंडवर गेले होते, नातू घेऊन गेला होता. जास्त काही बोलले नाहीत, थंडी फार होती एवढं सांगितलं, आणि आवाज भरून आलेला कळत होता.

तू कोल्हापूरचा आहेस म्हणून सांगतो, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या टीमची मॅच डोळ्यापुढं आण, आणि उद्या कुणी पैसेवाला येऊन म्हणाला की तालमीचा रंग बदला, पैसे मी घालतो. पेठेतली माणसं पैसे घेतील की नाही ते मला सांगता येणार नाही, पण त्या रात्री कुणाच्या घरात नीट जेवण होणार नाही हे तुला पण माहिती आहे.

भारतातच बघायचं तर मोहन बागान घे. १८८९ चा क्लब, १९११ ला अनवाणी पायांनी गोऱ्या रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकलेला. २०२० मध्ये कोलकात्याच्याच एटीके ह्या नव्या क्लबबरोबर विलीन झाला, हिरवा-मरून रंग राहिला, बॅजवरचं गलबत पण राहिलं, पण नावापुढं एटीके लागलं आणि जर्सीवर ती अक्षरं आली. रंग तोच असून फॅननी मान्य केलं नाही, तीन वर्षं "रिमूव्ह एटीके" चाललं. मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याला बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली, आणि मालक संजीव गोएंकांनी तिथंच जाहीर केलं की पुढच्या सीझनपासून एटीके जाणार. बघ म्हणजे, एवढी मोठी ट्रॉफी हातात आणि जोडीला ही घोषणा, कारण लोकांना दोन्ही हवं होतं. मला विचारशील तर कोलकात्यातल्या कितीतरी लोकांना घोषणेचाच आनंद जास्त झाला असणार.

इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबचं छोटं उदाहरण पण आहे. २०१३ ला नवीन बॅज काढला, त्यातून क्लबचं लॅटिन ब्रीदवाक्य गायब. हजारो लोकांनी याचिकेवर सह्या केल्या, क्लबनं माफी मागितली. पण जर्सी छापून तयार होत्या, कारण किटचं काम दीड-दोन वर्षं आधी सुरू होतं, म्हणून एक सीझन तो बॅज मिरवावाच लागला आणि पुढच्या वर्षी फॅनच्या मतदानानं बदलला. हे लक्षात ठेव, जुलैमध्ये ओरडून ऑगस्टमध्ये काही बदलत नसतं, तुझ्या ओरडण्याचा परिणाम पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या किटवर दिसतो. म्हणून लोक हरले असं वाटतं, हरलेले नसतात.

राहिला खिशाचा राग, आणि ह्यात मी शंभर टक्के फॅनच्या बाजूनं आहे. रेप्लिका, म्हणजे खेळाडूंच्या जर्सीची फॅनसाठीची प्रत, विकायचा धंदा नीट सुरू झाला तो १९७० च्या दशकात, लीड्स आणि अ‍ॅडमिरल कंपनीपासून, आधी पोरांना आई साधा पांढरा शर्ट घेऊन बिल्ला शिवून द्यायची. आता होम, अवे, थर्ड अशा तीन आणि दरवर्षी नवीन, इंग्लंडमध्ये एक मोठ्या माणसाची रेप्लिका ८० पाउंडाच्या आसपास, आणि खेळाडूंसारखी घट्ट हलकी हवी असेल तर अजून बरेच वर. २००३ मध्ये तिकडच्या सरकारी यंत्रणेनं दुकानदार, अम्ब्रो कंपनी आणि मँचेस्टर युनायटेड धरून दहा जणांना मिळून १८.६ मिलियन पाउंडांचा दंड ठोकला होता, कशासाठी तर रेप्लिकाचे भाव संगनमतानं चढे ठेवले म्हणून. म्हणजे लुटतात असं फॅन म्हणतात तेव्हा तो नुसता कांगावा नसतो.

तर तुझं उत्तर. नवीन जर्सी आवडली नाही तर स्वतःला विचार, रंग गेलाय का, बॅज गेलाय का, नाव गेलंय का. गेलं असेल तर घेऊ नकोस, जुनी घाल, आणि मॅच बघायला जमता तिथं जुनीच घालून जा. तिन्ही जागेवर असतील तर राग डिसेंबरपर्यंत थांबव, सेल लागतो, तेव्हा ठरव, साधी फॅन व्हर्जनच घे, ती सैल असते आणि आपल्या उन्हाळ्यात बरी पडते. पाठीवर खेळाडूचं नाव छापायची घाई करू नकोस, जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची विंडो उघडते आणि खेळाडू जातो, मी दोनदा फसलोय. आणि रस्त्यावरची डुप्लिकेट घेणाऱ्या पोराला कधी नावं ठेवू नकोस, पाच-सहा हजार सगळ्यांकडं नसतात, रंग तोच असतो.

माझी निळी अवे आता पोरगा वापरतो. त्याला अजून कार्डिफ कुठं आहे माहीत नाही, रविवारी गल्लीत खेळताना घालतो, गुडघ्यापर्यंत येते त्याच्या.