अमेरिकी मोटारीचा अभ्यास कुठून सुरू करावा?

अमेरिकी समाजातील मोटारीचे स्थान अभ्यासायचे असेल, तर आरंभ चकचकीत जाहिरातींऐवजी फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यापासून करावा. तेथे १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावरची जुळणी सुरू झाली आणि मॉडेल टी या मोटारीचा सांगाडा जोडण्याचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. मात्र त्याच त्या कामाला कंटाळून कामगार इतक्या झपाट्याने सोडून जात, की १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर मजुरी देऊ करावी लागली. (ही वाढ निव्वळ औदार्य मानणारे लेखन जपून वाचावे.) मग कादंबऱ्यांकडे वळावे. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये जोड आडनावाचे कुटुंब जुन्या हडसन मोटारीचा ट्रक करून कॅलिफोर्नियाला निघते आणि वाटेत सोबत्यांच्या गाडीचे बेअरिंग गेल्यावर जोडांच्या मुलांना भंगारवाल्याकडे सुटा भाग शोधावा लागतो, ते प्रकरण सावकाश वाचावे.