"रूमवर गेल्यापासून पोराचं वळणच बदललं"

मंगळवेढ्याहून एक आई समुपदेशनासाठी आमच्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात कॉट बेसिसवर. "घरी सहाला उठणारं पोरगं आता पहाटे तीनला झोपतंय अन् अकराला उठतंय. नाष्टा नाही, कपडे सगळे खुर्चीवर. कुणाच्या नादाला लागलंय का बघा."

मुलाशी वेगळं बोलल्यावर नाद काही सापडला नाही. घरी सहाला जाग कशानं यायची, ते मात्र सापडलं: आजोबांचा रेडिओ, न्हाणीतला बादलीचा आवाज आणि आईची दुसरी हाक. रूमवर यातलं एकही नाही. सवय अशा खुंट्यांवर टांगलेली असते आणि त्याच्या सगळ्या खुंट्या मंगळवेढ्यातच राहिल्या होत्या. हे आईंच्या गळी उतरायला दोन बैठका लागल्या.

त्या रोज सहाला फोन करायच्या, तो आधी थांबवला. "उठलो" म्हणून तो परत झोपायचा.

मग उठायची वेळ धरली. झोपायच्या वेळेला हात लावला नाही, कारण ठरवून झोप येत नाही, उठता येतं. अकराचे साडेदहा, तीन दिवस तेच, मग दहा. सातपर्यंत आठ टप्पे, म्हणजे 24 दिवस. उठल्या उठल्या पंधरा मिनिटं गच्चीवर, शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. दुपारी चारनंतर चहा बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात आणि हा रात्री दहाला टपरीवर दोन कटिंग मारायचा. चार्जर कॉटपासून समोरच्या भिंतीला. नाष्ट्याला घरून आलेली कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. गॅस लागत नाही, भाकरी दिवसेंदिवस टिकते.

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. शुक्रवारी संध्याकाळी घरी गेला, "दमून आलंय लेकरू" म्हणून दोन्ही दिवस बारापर्यंत झोपू दिलं. रविवारी रात्री चारपर्यंत डोळ्याला डोळा नाही. दोन टप्पे मागे यावं लागलं. तेव्हापासून सुट्टीलाही तासाभराहून जास्त सूट नाही.

21 दिवसांत सवय लागते, हे आईंनी मोबाईलवर ऐकलं होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सरासरी 66 दिवस आली, माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, असंही त्यात दिसलं.

हे सगळं नुसती घडी विस्कटली असेल तेव्हाचं. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, वजन उतरलेलं, अंघोळ-कॉलेज सुटलेलं, असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जगणं नकोसं झाल्याचं बोलला तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

अडीच महिन्यांनी कॉलेजच्या दिवशी साडेसात, रविवारी साडेआठ. खुर्चीवरचे कपडे अजून तिथेच आहेत. पण ते धुतलेले असतात आणि धुतो तोच, हे आईंना आमच्याकडे आल्यावर कळलं. घड्या घालायचं अजून काढलेलं नाही.