ऑफिसात आर्टी कपडे चालतील का?

प्रश्न: हिंजवडीत आयटीत आहे. कॉलेजात चित्रं काढायचे, आता रोज तीच काळी पँट नि निळा शर्ट. काहीतरी आर्टी घालावंसं वाटतं, पण टीममधले 'आज फॅन्सी ड्रेस का' म्हणतील!

उत्तर: म्हणू देत गं, दोन दिवस म्हणतील नि विसरतील. पँट काळीच राहू दे, वरचं एकच काहीतरी बोलकं हवं. पुण्यात लक्ष्मी रोडवर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, म्हणजे चोळीचं काठाचं कापड मिळतं, पन्हा (रुंदी) लहान असतो त्याचा म्हणून कुर्त्याच्या नादी न लागता बिनबाह्यांचं जॅकेट शिवून घे, काठ पुढच्या पट्टीवर यायला हवा हे टेलरला आधीच खडूने दाखव नाहीतर तो आत दुमडून मोकळा होतो. बटणं बोहरी आळीतून, मुद्दाम वेगवेगळी. झुमके मात्र नकोत, हेडफोनमध्ये अडकतात.